नावाची किंमत छापताना हिशेबही छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अर्थविषयक पानावर देशातील सर्वांत मौल्यवान नाममुद्रांची (ब्रँडची) क्रमवारी ठळकपणे प्रसिद्ध झाली. पहिल्या दहा कंपन्यांची बोधचिन्हे, त्यांच्यापुढे अब्ज डॉलरमधले आकडे आणि शेजारी वर-खाली जाणारे हिरवे-तांबडे बाण, असे तिचे स्वरूप होते. मथळ्यात ‘नाममुद्रेचे मूल्य’ असे म्हटले होते, पहिल्या परिच्छेदात त्याचेच ‘बाजारमूल्य’ झाले आणि शेवटी शेवटी तर ‘कंपनीची किंमत’ झाली. या तीन गोष्टी निराळ्या आहेत. शिवाय हे आकडे कोणत्या तारखेचे, ते कोणत्या पद्धतीने आणि काय गृहीत धरून काढले, याविषयी संपूर्ण मजकुरात एक अक्षरही नव्हते. मी सांगलीत सनदी लेखापाल म्हणून काम करतो आणि नावाची किंमत काढून देण्याचे काम अधूनमधून माझ्याही टेबलावर येते. त्यामुळे ती क्रमवारी वाचून जे वाटले, ते सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर आकडेमोड तेवढी ठेवावी, ही विनंती.

आधी एक साधे उदाहरण घेतो. ॲपल या अमेरिकी कंपनीच्या नावाची किंमत २०२३ या एकाच वर्षात तीन नामवंत संस्थांनी जाहीर केली. ब्रँड फायनान्सने ती सुमारे २९८ अब्ज डॉलर सांगितली, इंटरब्रँडने सुमारे ५०३ अब्ज आणि कॅन्टारने ८८० अब्ज. कंपनी तीच, तिचे फोन तेच, वर्षही तेच. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांमधला फरक ५८२ अब्ज डॉलरचा आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या त्या वर्षीच्या स्थूल राज्य उत्पन्नाहूनही मोठा. तिन्ही संस्थांपैकी कुणी लबाडी केली, असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रत्येकीने प्रश्न वेगळा विचारला, म्हणून उत्तर वेगळे आले. ब्रँड फायनान्स विचारते की हे नाव भाड्याने घ्यावे लागले असते तर किती भाडे पडले असते. इंटरब्रँड कंपनीच्या नफ्यातून गुंतवलेल्या भांडवलाचा मोबदला वजा करते आणि उरलेल्या नफ्यात नावाचा वाटा किती, हे ठरवते. कॅन्टार ग्राहकांच्या मुलाखतींतून नावाची ओढ मोजते आणि कंपनीच्या आर्थिक मूल्याचा तेवढा हिस्सा नावाच्या खात्यावर टाकते. आपल्या वाचकाला यांपैकी एकच आकडा दिसतो, तोही दशांश चिन्हासकट, आणि दशांश चिन्ह पाहिले की माणसाला वाटते कुणीतरी वजनकाट्यावर ठेवून मोजले असणार. या तिन्ही संस्था नाममुद्रांविषयीचा सल्ला किंवा संशोधन विकण्याच्या व्यवसायात आहेत, एवढी ओळ तरी बातमीत असायला हरकत नसावी.

आता नावाची किंमत काढतात कशी, ते जवळून दाखवतो. आमच्या भागात भडंगाचा धंदा मोठा आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. काही वर्षांपूर्वी अशाच एका घराण्यातले दोन भाऊ माझ्याकडे आले. दोघेही खासगी कंपनीचे संचालक, वर्षाची विक्री बारा कोटींची. वाटणी ठरली होती, कारखान्याची जागा आणि यंत्रे यांचा भाव ठरला होता, गाडा अडला होता तो पुड्यावरच्या नावापाशी. नाव धाकट्याला हवे होते आणि त्याबद्दल त्याने मोठ्याला किती द्यायचे, हा प्रश्न होता. आल्या आल्या धाकटा म्हणाला, “साहेब, आकडा एकच सांगा, फाटे फोडू नका.”

पहिला मार्ग खर्चाचा. हे नाव लोकांच्या तोंडी बसवायला आजवर किती खर्च झाला, ते मोजायचे. थोरल्या भावाने जाहिरातींची बिले एका जुन्या ट्रंकेत जपून ठेवली होती, त्यांत एसटीच्या पाठीमागच्या पाट्यांपासून यात्रेतल्या स्वागत कमानींपर्यंत सगळे होते. बेरीज पंच्याऐंशी लाखांच्या घरात गेली. पण जाहिरातीवर पैसे घालून न चाललेली नावे मी ढिगाने पाहिली आहेत आणि एक पैसाही न खर्चता चाललेली नावेही पाहिली आहेत. खर्च झाला यावरून मोल ठरत नाही. दुसरा मार्ग बाजाराचा, म्हणजे असेच एखादे नाव कुणी कितीला विकले ते पाहण्याचा. भडंगाचे नाव नुसते, कारखान्याशिवाय, विकल्याचा एकही व्यवहार मला सापडला नाही. उरला तिसरा मार्ग, उत्पन्नाचा. समजा, हे नाव आपले नसते आणि दुसऱ्याकडून वापरायला घ्यावे लागले असते, तर विक्रीवर किती टक्के रॉयल्टी द्यावी लागली असती? नाव आपलेच असल्याने ती रॉयल्टी वाचते. दर वर्षी वाचणाऱ्या त्या रकमेचे आजचे मोल, ते नावाचे मोल.

रॉयल्टीचा दर ठरवण्यासाठी मी मार्केट यार्डाजवळच्या तीन दुकानांत गेलो. यांचा पुडा सत्तर रुपयांना, त्याच वजनाचा दुसऱ्या, फारशा माहीत नसलेल्या नावाचा साठला. दहा रुपयांचा फरक पाहून धाकट्याचा चेहरा खुलला. मग आम्ही दोन्ही पुडे त्याच्याच कारखान्यात वर्तमानपत्रावर ओतले, शेंगदाणे वेगळे काढून तोलले, आणि वापरल्या तेलाचा व लसणाचा हिशेब लावला. दहांपैकी सहा रुपये मालाचे निघाले. यांचा भडंग खरोखरच जास्त भारी होता, आणि भारी मालाचे पैसे नावाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. उरलेल्या चारांत दुकानदाराचे जास्तीचे कमिशन आणि दर वर्षीची जाहिरात वळती केल्यावर दोन रुपये हाती राहिले. सत्तरांत दोन, म्हणजे तीन टक्क्यांच्या जरा आत. मी तीन टक्के धरले.

बारा कोटींवर तीन टक्के म्हणजे छत्तीस लाख. कर ढोबळमानाने पंचवीस टक्के वजा जाता सत्तावीस लाख. विक्री दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत राहील आणि अशा धंद्यातली जोखीम पाहता गुंतवणूकदार सोळा टक्के परतावा मागेल, असे मानले, तर सत्तावीस लाखांना सोळा उणे पाच, म्हणजे अकरा टक्क्यांनी भागायचे. उत्तर येते दोन कोटी पंचेचाळीस लाख. हा झाला एकच आकडा. पण रॉयल्टी तीनऐवजी दोन टक्के धरली, वाढ चार टक्के आणि अपेक्षित परतावा अठरा टक्के, तर तेच नाव एक कोटी एकोणतीस लाखांवर येते. उलट रॉयल्टी चार टक्के, वाढ सहा आणि परतावा पंधरा धरला, तर ते थेट चार कोटींवर जाते. यांतले एकही गृहीतक वेडगळ नाही. कुठल्याही बैठकीत कुठलाही सनदी लेखापाल यांतल्या प्रत्येकाचे समर्थन करील. एक-एक, दोन-दोन टक्के इकडचे तिकडे केले की भडंगाचे नाव तिप्पट महाग होते, आणि हे करताना चुरमुऱ्याचा एक दाणाही हललेला नसतो.

मी त्यांना तिन्ही आकडे दिले, प्रत्येकाखाली गृहीतके लिहून दिली. धाकटा वैतागला. थोरल्याने मात्र आकड्यांकडे न पाहता गृहीतकांचेच पान हातात घेतले आणि वाढ पाच टक्के धरायची की सहा, यावर तासभर वाद घातला. वाद घालायची जागा तीच होती. शेवटी त्यांचे जुळले ते दोन कोटींच्या थोडे वर, तीन वर्षांच्या हप्त्यांनी.

भडंगाचा हा हिशेब मोठ्या कंपन्यांना लागू नाही, असे कुणी म्हणेल. पद्धत तीच असते, शून्ये वाढतात इतकेच. टाटा समूहाचे उदाहरण बोलके आहे. टाटा हे नाव वापरणाऱ्या समूहातील कंपन्या नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून टाटा सन्स या समूहाच्या मुख्य कंपनीशी करार करून नावाबद्दल पैसे देतात. नाव थेट वापरणाऱ्या कंपनीने उलाढालीच्या पाव टक्का, आडवळणाने वापरणाऱ्या कंपनीने ०.१५ टक्के, अशी ती सर्वसाधारण आकारणी आहे आणि तिला नफ्याशी बांधलेली कमाल मर्यादाही आहे. या देशातल्या बहुधा सर्वांत विश्वासार्ह नावासाठी करारात लिहिलेला, दर वर्षी प्रत्यक्ष चुकता होणारा दर एवढा आहे. क्रमवाऱ्यांमध्ये त्याच नावाला अब्जावधी डॉलरचे मोल दिले जाते, तेव्हा तिथे धरलेला काल्पनिक दर याच्या किती पट आहे, हे वाचकाने विचारले पाहिजे. समूहाने आपल्याच कंपन्यांना सवलतीचा दर लावला असेल हे मान्य, पण पट तरी कळू द्या.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. प्रवर्तक किंवा परदेशी पालक कंपनी सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीकडून नावाची रॉयल्टी घेते, तेव्हा ती रक्कम छोट्या भागधारकाच्या लाभांशातून जात असते. म्हणूनच भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१९ पासून असा नियम केला आहे की संबंधित व्यक्ती वा कंपनीला नाममुद्रेबद्दल द्यायची रक्कम वार्षिक एकत्रित उलाढालीच्या पाच टक्क्यांपलीकडे गेली, तर भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते आणि त्या मतदानात संबंधितांना ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. नाव फार मौल्यवान आहे, असे वर्तमानपत्रात वरचेवर छापून येत राहिले, तर रॉयल्टी वाढवून मागणाऱ्याला ते कात्रण फुकटात मिळते.

ताळेबंदाबद्दलही आपल्या बातमीत गोंधळ होता. ‘कंपन्यांच्या मालमत्तेत नाममुद्रेचा मोठा वाटा’ असे त्यात एक वाक्य आहे. वस्तुस्थिती अशी की स्वतः घडवलेले नाव ताळेबंदात दाखवताच येत नाही. भारतीय लेखामानक ३८ ते स्पष्ट शब्दांत मनाई करते, कारण नाव घडवण्याचा खर्च आणि एकूण धंदा वाढवण्याचा खर्च वेगळा काढता येत नाही. गंमत म्हणजे त्याच कलमात वृत्तपत्रांची शीर्षकेही येतात. म्हणजे आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर माथ्याशी जे नाव रोज छापले जाते, ज्याच्या भरवशावर आमच्यासारखे वाचक वर्षानुवर्षे अंक घेतात, त्याची आपल्या ताळेबंदातली किंमतही शून्य असणार. तेच नाव उद्या दुसऱ्या कुणी विकत घेतले तर खरेदीदाराच्या ताळेबंदात ते कोट्यवधींचे म्हणून अवतरेल. हॉर्लिक्सचे असेच झाले. २०२० साली हिंदुस्तान युनिलिव्हरने ग्लॅक्सोकडून या नावाचे भारतातले हक्क सुमारे ३,०४५ कोटी रुपयांना घेतले आणि अनेक पिढ्यांनी दुधात घालून प्यालेल्या नावाला वहीत जागा मिळाली. विकत घेतलेले नाव वहीत, घरी वाढवलेले नाव वहीबाहेर, हे तर्काला पटणारे नाही. पण मला विचाराल तर हीच व्यवस्था बरी, कारण व्यवहारात निदान दोन बाजू असतात आणि एकीने खरोखर पैसे मोजलेले असतात.

उलट करून पाहिल्यास काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसले आहे. १९८८ साली रँक्स होव्हिस मॅकडुगल या पाव आणि पिठाच्या कंपनीवर दुसऱ्या कंपनीने ताबा घेण्याचे सावट होते. तिच्या व्यवस्थापनाने इंटरब्रँडच्या मदतीने स्वतःच्या नाममुद्रांची किंमत काढली आणि ६७ कोटी ८० लाख पौंड ताळेबंदात दाखवले. त्याच वर्षी नेस्लेने राउनट्री ही चॉकलेट कंपनी पुस्तकी किमतीच्या कितीतरी पट देऊन घेतली होती, त्यामुळे आपली नावे आपल्याच वहीत दिसत नाहीत ही व्यवस्थापनाची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. नाममुद्रा मूल्यांकनाच्या या धंद्याला प्रतिष्ठा देणारा तो पहिला मोठा आकडा ‘आम्ही स्वस्तात जाणार नाही’ हे दाखवण्यासाठी काढलेला होता. आकड्यामागे हेतू असतो. वाटणीत नाव सोडणाऱ्याला तो मोठा हवा असतो, घेणाऱ्याला लहान. कर्ज मागणाऱ्याला मोठा, कर भरणाऱ्याला लहान. नाममुद्रा मूल्यांकनासाठी २०१० पासून आयएसओ १०६६८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यातही मूल्यांकनाचा हेतू, तारीख आणि गृहीतके आधी सांगण्यावर भर आहे. आपल्याकडे कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत मूल्यांककांचे तीन वर्ग आहेत: जमीन व इमारती, कारखाना व यंत्रे, आणि रोखे वा वित्तीय मालमत्ता. नावासाठी स्वतंत्र वर्ग नाही, ते तिसऱ्यातच घातले जाते.

आता ज्या प्रकरणाने मला हे पत्र लिहायला खरे भाग पाडले, त्याकडे येतो. आपल्या बातमीतला एक उपमथळा होता, ‘नाममुद्रा ही बँकांसाठीही भक्कम तारण’. मुंबईत मुख्यालये असलेल्या बँकांच्या शहरात छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्राने हे वाक्य लिहावे, याचे नवल वाटले. किंगफिशर एअरलाइन्स २००५ साली उडू लागली. भरभराटीच्या दिवसांत तिच्या नावाची किंमत चार हजार कोटींच्या पुढे सांगितली गेली होती, आणि भारतीय स्टेट बँकेच्या पुढाकाराखालील बँकांच्या गटाकडे ते नाव तारण होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली ती कायमचीच. पुढे ३० एप्रिल २०१६ रोजी बँकांनी किंगफिशर एअरलाइन्सचे नाव, उडणाऱ्या पक्ष्याचे चिन्ह, ‘फ्लाय द गुड टाइम्स’ हे घोषवाक्य अशी व्यापारचिन्हे ऑनलाइन लिलावात काढली. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली घेत नाहीत ती रक्कम, होती ३६६ कोटी ७० लाख, म्हणजे सांगितलेल्या मोलाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एकही बोली आली नाही. नंतर किंमत उतरवून पाहिली, तरी कुणी फिरकले नाही.

त्याच कर्जाच्या वसुलीत दोन वास्तूही विकायला निघाल्या होत्या. गोव्यात कांदोळीला समुद्रकाठी असलेला किंगफिशर व्हिला, आणि मुंबईत विलेपार्ल्याला विमानतळाजवळ असलेले किंगफिशर हाउस. त्यांचेही लिलाव पुन्हा पुन्हा फसले. पण व्हिला २०१७ मध्ये ७३ कोटींच्या आसपास गेला, आणि सुरुवातीला १५० कोटी राखीव किंमत लावलेले विलेपार्ल्याचे कार्यालय पाच वर्षे रखडून २०२१ मध्ये ५२ कोटींना विकले गेले. विटा-सिमेंटची किंमत तिसऱ्या हिश्शावर आली, पण अखेर घेणारा भेटला. नावाला भेटला नाही.

असे का झाले, यावर ‘मालकाची बदनामी झाली होती’ असे सोपे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. पहिली गोष्ट, बिअरचे किंगफिशर हे नाव युनायटेड ब्रुअरीजचे होते आणि आजही दुकानांत खपते; बँकांच्या हाती होती ती विमानसेवेपुरती चिन्हे. ज्या झळाळीचे चार हजार कोटी मोजले गेले, त्यातली किती विमानांची आणि किती बाटलीची, हे वेगळे कसे काढणार? दुसरी गोष्ट, ते नाव घेणाऱ्याला विमाने मिळणार नव्हती, परवाना मिळणार नव्हता, विमानतळांवरच्या उड्डाणाच्या राखीव वेळा मिळणार नव्हत्या. मिळणार होत्या त्या पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांच्या आणि तिकिटे रद्द झालेल्या प्रवाशांच्या आठवणी. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर भडंगाच्या नावाचा हिशेब मांडताना मी ‘विक्री दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत राहील’ असे सहज लिहून गेलो. नावाची किंमत काढण्याच्या उत्पन्न पद्धतीत धंदा चालू राहणार, हे गृहीतक पायाच्या दगडासारखे बसलेले असते. बँकेला तारण विकायची वेळ मात्र धंदा बंद पडल्यावरच येते. जमीन कर्जदार बुडाला तरी जागेवर राहते, सोने तिजोरीत राहते. नाव कर्जदाराबरोबरच बुडते, त्याच आठवड्यात. म्हणजे ज्या दिवशी तारणाची गरज पडेल त्या दिवशीची त्याची किंमत अहवालात कधी नसतेच. असते ती गरज नसलेल्या दिवसाची. म्हणून हे तारण ‘भक्कम’ कसे, ते मला समजत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नावाला काही किंमतच नाही असे म्हणतो आहे, असा समज होईल. २०१५ साली जूनमध्ये मॅगी नूडल्सवर बंदी आली, हजारो टन माल नष्ट करावा लागला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, नव्याने चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये पिवळी पाकिटे पुन्हा दुकानांत आली. पाच महिने विक्री शून्य होती, तरी गिऱ्हाईक परतले. फरक असा की इथे नावामागे कारखाने उभे होते, वितरक होते आणि वाट पाहण्याइतका पैसा होता. हिंदुस्तान मोटर्सने २०१४ मध्ये अँबॅसॅडर गाडीचे उत्पादन थांबवले, तरी २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ते नाव ८० कोटींना घेतले. हे वाचल्यावर माझ्या एका अशिलाने विचारले की बंद पडलेल्या गाडीला ८० कोटी आणि विमान कंपनीला शून्य, हा कुठला न्याय? न्याय नाही, घेणारा आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. भारतात गाड्या विकू पाहणाऱ्या एका कंपनीला त्या क्षणी एक ओळखीचे नाव हवे होते, म्हणून किंमत आली.

थम्स अपचे प्रकरण तर आपल्या मुंबईतलेच. पार्लेच्या चौहान बंधूंपैकी रमेश चौहान यांनी १९९३ मध्ये थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावे कोका-कोलाला विकली, तेव्हा रक्कम सहा कोटी डॉलरच्या आसपास असल्याचे सांगितले गेले. २०२२ च्या सुरुवातीला कोका-कोलाने जाहीर केले की थम्स अप भारतात ‘अब्ज डॉलरची नाममुद्रा’ झाली आहे. त्या वेळी अनेक ठिकाणी ‘थम्स अपची किंमत अब्ज डॉलर’ असे छापून आले. कंपनीच्या बोलीत तो शब्दप्रयोग वर्षाच्या विक्रीसाठी वापरतात. वर्षाची विक्री आणि नावाची किंमत यांत किती अंतर असते, हे बारा कोटींच्या भडंगाचे नाव अडीच कोटींच्या आत कसे आले, यावरून लक्षात यावे.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. क्रमवारी छापूच नका, असे मी म्हणत नाही. लोकांना ती वाचायला आवडते, मलाही आवडते. पण ती छापताना आकडा कुणी काढला आणि त्या संस्थेचे यादीतल्या कंपन्यांशी व्यावसायिक संबंध आहेत का, मूल्यांकनाची तारीख कोणती, पद्धत रॉयल्टीची की नफ्याच्या वाट्याची की ग्राहक-पाहणीची, हे द्यावे. त्याच कंपनीला दुसऱ्या एखाद्या संस्थेने त्या वर्षी काय आकडा दिला, तोही सापडल्यास शेजारी ठेवावा. नाममुद्रेचे मूल्य, समभागांचे एकूण बाजारमूल्य आणि विक्री हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. आणि ‘भक्कम तारण’ या उपमथळ्याबद्दल खुलासा करता आला तर बरे होईल. आमच्या जिल्ह्यात नागरी सहकारी बँका पुष्कळ आहेत आणि त्यांचे संचालक आपले वर्तमानपत्र रोज वाचतात.

यासाठी तीन-चार ओळींची चौकट पुरेल. त्या दिवशी क्रमवारीच्या वर छापलेले, काचेच्या इमारतीसमोर हसत उभ्या असलेल्या सूटबूटातल्या माणसांचे चार स्तंभी छायाचित्र तीन स्तंभी केले असते, तर तेवढी जागा सहज निघाली असती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक सनदी लेखापाल, सांगली